दिवड मारू नका, पण पाण्यातला प्रत्येक साप दिवडच असतो असं नाही

संपादक महोदय,

पाऊस लागला की आमच्या डिचोलीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेलेल्या सापांचे फोटो यायला लागतात, खाली "नाग मारला" असं लिहिलेलं, आणि बघावं तर बरेचदा ती दिवड असते. शेतात, व्हाळात, विहिरीत मासे-बेडूक खाऊन राहणारी, बिनविषारी. फक्त स्वभाव तापट, डिवचली की मान चपटी करून डोकं वर उचलते आणि लोकांना वाटतं फणा काढला. लांबूनच बघा ना, अंगावर काळ्या चौकटी आणि डोळ्याखालून मागे जाणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेघा. चावते जोरात, रक्तही येतं, पण विष नाही.

आता दुसरा फॉरवर्ड फिरतोय, पाण्यातले साप बिनविषारीच असतात म्हणे. हा तर जास्त डेंजर, कारण नाग मस्त पोहतो आणि घोणस उंदरांच्या मागे भातशेतीत येते. आणखी एक, डोळ्याची बाहुली उभी असली तर विषारी. अहो, नाग आणि मण्यार दोघांची बाहुली गोल, आणि बिनविषारी अजगराची उभी! शिवाय बाहुली बघायला एवढं जवळ जाणार कोण?

किनाऱ्यावर मात्र शेपटी बघायची. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यात, येणाऱ्या समुद्री सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते आणि तो चांगलाच विषारी, तरी टुरिस्ट त्याला काठीने ढोसत सेल्फी काढतात, काय बोलायचं! खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीतल्या, खारफुटीत चिखलात असतो तो साप वेगळा, त्याची शेपटी गोल निमुळती, माणसाला त्याचा धोका नाही.

आपल्याकडे मिळणारं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेलं आहे, समुद्री साप किंवा चापडा या झाडाझुडपातल्या विषारी सापासाठी नाही. म्हणून चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचं, सामान आणायला रानात जाणाऱ्यांनी झुडपात हात घालण्याआधी काठीने हलवून बघावं, चापडा फांदीवर तासनतास न हलता बसतो, दिसतच नाही.

आणि कोण चावला हे ओळखता आलं नाही तर साप पकडत बसू नका, ब्लेड मारू नका, दोरीने आवळू नका, हातपाय न हलवता 108 ला फोन करून सरळ हॉस्पिटल गाठा. पावसाळ्यात आपल्या पेपरात या सापांचे रंगीत फोटो नावासकट छापता आले तर बघा, गावागावात कापून भिंतीला लावतील लोक.

एक वाचक, डिचोली