ऑकलंडचं तिकीट काढलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की गळा दाटतो आणि मग मी पावसाचंच विचारत बसते, म्हणून लिहितेय. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या लॅबला मी हो कळवलंय, तिकीटपण काढलंय. गौरी-गणपती करूनच निघणार, त्याची काळजी नको.

बाबा, तुम्ही नकाशा काढून बसाल माहितीये, म्हणून मीच आधी मोजून ठेवलंय. मुंबई ते ऑकलंड सरळ रेषेत साधारण 12,300 किलोमीटर. थेट विमान नाही, सिंगापूरला बदलायचं, पण मुंबई-सिंगापूर 3,900 आणि पुढे 8,400, बेरीज तेवढीच, म्हणजे सिंगापूर वाटेवरच आहे, वळसा असा पडतच नाही. पहिलं विमान साडेपाच तास, दुसरं दहाएक तास. कोकणकन्येला कणकवलीहून मुंबई गाठायला नऊ-दहा तास लागतातच की, आणि विमानात जेवण देतात, पांघरूण देतात. परत येताना थोडा जास्त वेळ, वारा समोरून असतो ना. वाऱ्याचं तुम्हाला मी काय सांगणार, मोहोर टिकणार की झडणार ते तुम्ही वाऱ्यावरून सांगता.

मधलं थांबणं, मुंबईची रात्र, सगळं धरून तिकडून आपल्या दारात यायला दीड दिवस. कमी करून सांगत नाही. पण आजीच्या वेळेला मी मुंबईतच होते, तरी पोचले नाही. ते विसरले नाहीये. येण्याच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही.

तांदूळ, तूरडाळ सगळं मिळतं तिकडे. समुद्र शहराच्या दोन्ही बाजूंना, एअरपोर्टसुद्धा खाडीच्या काठावरच. आई, ताजं फळ अजिबात नेऊ देत नाहीत, न सांगता नेलं तर जागेवर 400 डॉलर दंड, तेव्हा पिशवीत हळूच काही सरकवू नकोस. सोलं आणि मेतकूट थोडंसंच दे, फॉर्मवर लिहून दाखवीन, सोडलं तर सोडलं. एसटीत मला मळमळायचं तेव्हा तू लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरायचीस, आणि मी तुझ्या मांडीवर झोपून राजापूर कधी गेलं ते कळायचंच नाही. परवा तिकीट काढताना उगाचच तो वास आला.

आता ऐका. तिकडचं घड्याळ साडेसहा तास पुढे, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलपर्यंत साडेसात. तुमचा सकाळी सातचा चहा म्हणजे माझी जेवणाची सुट्टी, तेव्हाच फोन करीन, रात्री माझ्यासाठी जागायचं नाही. बाबा, बीपीची गोळी चहाबरोबरच, मी फोनवर विचारणार. कलमावर चढायचं नाही, गडी आहेत. आई, गुडघ्याचं दाखवायला जायचं ते मी असतानाच जाऊ या, माझा जीव जरा शांत होईल.

मुंबईपर्यंत येऊ नका, हाल होतील. कणकवलीला मात्र या दोघंही. परतायला गाडी आधीच सांगून ठेवा, रात्रीची स्कूटर नको.

तुमची,
छोटी