चि. मृणाल, सोल्युशन लावण्याआधी

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

जुन्या गाडीच्या सीटा नव्यानं शिवायला घेतल्यास, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर तू हसत म्हणालीस, "बाबा, सोल्युशनच्या वासानं डोकं जड झालंय." आईसमोर काही बोललो नाही. पण तू मोबाइल फिरवलास तेव्हा गॅरेजचं दार बंद दिसलं आणि खाली हीटर लालभडक. फोनवर सांगायला गेलं की तू "हो हो" करून विषय बदलतेस, म्हणून लिहितोय.

सोल्युशन म्हणजे चिकटवायचा गोंद खरा, पण त्याची वाफ पेट घेणारी आणि हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, फरशीवर साचते, आणि तुझा हीटर फरशीवरच. त्यात तुझी एमजीबी गाडी 1972 ची, म्हणजे सीटांच्या मागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. ठिणगी उडू नये म्हणून त्यांच्या वायरी सोडवल्यास का? आधी ते कर. बाळूकाकाचं तुला माहीत आहे, पुन्हा सांगत नाही.

आता कामाचं. उसवलेल्या सीटचे फोटो मी गल्लीतल्या सगळ्या कुशनवाल्यांना दाखवून आलो. "पोरगी इंग्लंडात कॉव्हेंट्रीत स्पोर्ट्स कार उघडून बसलीय" म्हटल्यावर चहा फुकट मिळाला. स्प्रिंगा नाहीत, नुसतं रबर हुकांनी ताणलेलं बघून मात्र सगळे बुचकळ्यात पडले. ते रबर बदलच. पन्नास वर्षांचं चिरलेलं रबर तसंच ठेवून वर कितीही भारी फोम घातलास, तरी बसणारा खाली बुडणार.

दुसरी सीट अजिबात उसवू नकोस. पहिली पुरी होईपर्यंत तीच तुझा नमुना. जुन्या कव्हरचे तुकडे फेकू नकोस, त्यांवरूनच कापायचं. सुटे करण्याआधी शिवणीवर आडव्या खडूच्या खुणा मार, म्हणजे जोडताना खुणेला खूण लागते. टाका 4 ते 5 मिलिमीटरचा ठेव. बारीक टाक्यानं रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि ते तिथंच फाटतं. सुई अठरा नंबरची. तुझ्या घरगुती मशीनला पायपिंगसकट (शिवणीतली दोरी भरलेली पट्टी) चार पदर झेपतील का, शंकाच आहे. झेपले नाहीत तर चाक हातानं फिरव, मोटर जाळू नकोस.

कव्हर चढवताना फोमवर प्लॅस्टिकची पिशवी घाल, सरकतं. आधी मधे ओढ, मग डावी-उजवी, आळीपाळीनं. थंडीत रेक्झिन ताणत नाही, ड्रायरनं जरा ऊब दे. पण ड्रायर आणि सोल्युशन एका वेळी नको. हे बघ, परत तिथंच आलो.

तू चौथीत होतीस तेव्हा सजवलेल्या रिक्षांच्या स्पर्धेआधी आपल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शाळेतून आलीस की ब्लेडनं जुने हूड उसवायला बसायचीस, एक धागा कापडाला न लागता. मग फोमच्या गठ्ठ्यावरच झोपायचीस, केसांत पिवळा भुगा. आई चिडायची. तेव्हा दुकानाची पुढची बाजू सताड उघडी होती, रस्त्यावरच काम चालायचं, म्हणून तुझा दमा दबून राहिला असं आता वाटतं. पंप खिशात ठेवतेस ना? गाडीत नको, खिशात.

इंजिनिअर मुलीला शिकवतोय, माफ कर. पण लेदरच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्या गाडीला मुळात रेक्झिनच होतं आणि तेच शोभतं. नवरा काय म्हणतो ते म्हणू दे. गालिचा घालण्याआधी खालचं जुनं नमदं, म्हणजे फेल्टचा थर, काढून पत्रा बघ. नमदं पाणी धरतं आणि त्याच्याखाली पत्रा कुजत जातो. तिथं गंज असेल तर सीटा राहू देत, आधी पत्र्याचं बघ.

चिकटवायचं काम थंडी सरल्यावर, मे महिन्यावर टाकलंस तर काय बिघडेल? तोवर शिवण उरक. चिकटवायचंच असेल तर दार उघडं ठेव, हीटर बंद कर. दोन्ही बाजूंना पातळ हात लावून बाहेर ये. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला तार सुटेनाशी झाली की मग जोड. तेवढा वेळ आत थांबायचं काहीच कारण नाही.

पायपिंगची दोरी इथून पाठवतो, आत्याचा मुलगा पुढच्या महिन्यात येतोय. जुन्यातली थोडी कापून जाडी मोज आणि कळव, अंदाजानं पाठवली तर शिवण वर येते.

तुझे
बाबा