सॉफ्ट कोरल मिटून का बसतात: इंदूरच्या मित्रास पत्र

दांडिया बाजार, बडोदे
12 मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो काल मिळाले. तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ अंगाचे प्रवाळ, बिघडले आहेत; छत्रीसारख्या टोपीचे लेदर कोरल तीन आठवडे मिटलेले आहे, झोआंनी (बटणाएवढ्या फुलांसारख्या दिसणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या जीवांनी) उघडणे सोडले आहे आणि झेनिया हे नाजूक प्रवाळ तर दोन दिवसांत विरघळून गेले, हे वाचून फार वाईट वाटले. दीड वर्ष खपून उभी केलेली टाकी अशी कोमेजताना पाहणे किती जड जाते, हे मी अनुभवले आहे. मासे मात्र ठणठणीत आहेत, तेव्हा पाण्यात दोष नसावा, असे तू लिहिले आहेस, आणि नेमके तेच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मासा आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण आपले आपण राखतो. प्रवाळाला ती सोय नसते, भोवतीचे पाणी जितके खारे तितकेच त्याचे अंगही खारे होते. त्यामुळे मासे हुंदडत असतानाही प्रवाळ संकटात असू शकतात.

माझ्या मते तुझ्या टाकीत दोन दोष एकत्र आले आहेत. पाणी तुला वाटते त्याहून जास्त खारे आहे, आणि ते इतके निर्मळ ठेवले आहेस की प्रवाळांची उपासमार होते आहे.

पहिल्या दोषाबद्दल मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत तो माझ्या घरी घडला. पारा 43 अंशांवर गेला, टाकीचे पाणी 30 अंशांवर पोहोचले, म्हणून मी पाण्यावर दोन छोटे पंखे बसवले. तापमान 27 पर्यंत उतरले, पण रोज तीन लिटरच्या आसपास पाणी उडू लागले. उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याचीच, हे मला माहीत होते आणि तसेच करत होतो. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 (हजार भागांत 35 भाग क्षार, समुद्राइतके) दाखवत होता. तरी लेदर आक्रसत गेले. शेवटी 35 क्षारतेचे प्रमाणित द्रावण मागवले आणि त्याचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे पाहिले, तर निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ 32 वर! म्हणजे माझ्या टाकीचे 35 हे खरे तर 38 होते. मी ते उपकरण नेहमी आर.ओ.च्या पाण्याने शून्यावर लावत असे, आणि शून्यावर बरोबर असलेले उपकरण 35 वर चुकू शकते, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. तूही ते शून्यावरच लावतोस, असे तुझ्या पत्रावरून दिसते.

खारेपणा उतरवताना घाई करू नकोस. टाकीत 180 लिटर पाणी धरले, तर 38 वरून 35 वर येण्यासाठी सुमारे 14 लिटर खारे पाणी काढून तितकेच गोडे पाणी घालावे लागते. मी ते चार दिवसांत, रोज साडेतीन लिटर या हिशेबाने केले. दिवसाला एकाहून अधिक अंकाने क्षारता हलवणे मला धोक्याचे वाटते.

हे गोडे पाणी तू स्वयंपाकघरातील प्युरिफायरचे वापरतोस, ते आजपासून बंद कर. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून अशा बहुतेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य नसतो. रोज तीन लिटर या दराने महिन्याला नव्वद लिटर पाण्यातले क्षार टाकीत साठत जातात, आणि ते आपल्या मिठातल्या प्रमाणाचे नसतात. आर.ओ.च्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी लावून गाळलेले पाणी घे आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय ते टाकीत जाऊ देऊ नकोस.

आता उपाशीपणाबद्दल. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, असे तू मोठ्या समाधानाने लिहिले आहेस, आणि तिथेच माझा तुझ्याशी मतभेद आहे. सॉफ्ट कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. पण त्या शैवालालाही नत्र आणि स्फुरद लागतेच. रात्रंदिवस स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) चालवून, वर फॉस्फेट शोषणारे दाणे ठेवून, माशांना चिमूटभर खाणे घालायचे आणि त्यावर नवा एलईडी पूर्ण क्षमतेने लावायचा, म्हणजे उपाशी मजुराला भर उन्हात दुप्पट कामाला जुंपण्यासारखे आहे. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी कच्छच्या आखातातील नराऱ्याला गेलो होतो. 1982 साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे. ओहोटी लागल्यावर वाटाड्याच्या मागे खडकांवरून चालताना पायाखालच्या डबक्यातले पाणी इतके गढूळ होते की बुडवलेल्या हाताची बोटेही नीट दिसत नव्हती, आणि त्याच पाण्यात खडकाच्या कडेला झोआंच्या जातीच्या जीवांची दाट चादर पसरलेली होती. ते दृश्य पाहिल्यापासून शून्याचा हट्ट मी सोडला.

तेव्हा फॉस्फेटचे दाणे काढून टाक, स्किमर रात्रीपुरता ठेव आणि माशांना दोन वेळा नीट खाऊ घाल. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटर, एवढे राहिले की पुरे. दिवा निम्म्यावर आण आणि महिनाभरात हळूहळू वाढव. तू घालतोस ते आयोडीनचे थेंब मात्र थांबव. जे मोजता येत नाही, ते अंदाजाने टाकीत ओतू नये, असे माझे ठाम मत आहे.

लेदर मेले असे समजून ते फेकू नकोस. फोटोत त्याची टोपी मेण लावल्यासारखी चकचकीत दिसते. हे कोरल अधूनमधून अशी कात टाकते आणि त्या काळात आठवडा-दोन आठवडे पॉलिप, म्हणजे टोपीवरचे बारीक फुलांसारखे जीव, आत ओढून बसते. माझ्याकडे एका सकाळी दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा त्याच्या कडेला फडफडताना दिसला आणि संध्याकाळपर्यंत टोपी पुन्हा लोकरीसारखी फुलली. तुझे हलक्या हाताने दाबून पाहा. देठ घट्ट असेल तर धीर धर आणि पाण्याचा प्रवाह त्याच्यावरून जाईल असा वळव. मऊ पडून दुर्गंधी येत असेल, तर तेवढा भाग कापावा लागेल. लेदर स्वसंरक्षणासाठी पाण्यात टर्पीन जातीची रसायने सोडते आणि त्यांचा त्रास शेजाऱ्यांना होतो, म्हणून सक्रिय कोळशाची पिशवी धुऊन फिल्टरमध्ये ठेव आणि दर महिन्याला बदल. झोआ त्याला अगदी खेटून आहेत, त्यांना वीतभर तरी दूर हलव.

ते हलवताना हातमोजे आणि चष्मा घाल, ही माझी कळकळीची विनंती आहे. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते; झोआ असलेला दगड कधीही उकळू नये, गरम पाण्याने घासू नये, कारण त्या वाफेनेही माणसे गंभीर आजारी पडली आहेत. तुझी धाकटी टाकीजवळ खेळते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, ती विचारतो. माशांना पांढरे ठिपके आले होते, तेव्हा औषध याच टाकीत घातले होतेस का? त्यात तांबे असेल, तर ते दगडांत आणि वाळूत मुरून हळूहळू परत सुटत राहते आणि प्रवाळांना सोसत नाही; तसे असल्यास वरचे सगळे करूनही गुण येणार नाही आणि दगड बदलण्याचा विचार करावा लागेल. बाटली अजून असेल, तर तिच्यावर काय लिहिले आहे ते कळव.

35 क्षारतेच्या द्रावणाची माझ्याकडची दुसरी बाटली आज कुरिअरने पाठवली आहे. ती पोहोचताच रिफ्रॅक्टोमीटर तपास आणि पाणी बदलण्याआधीच मला आकडा कळव, म्हणजे किती लिटर बदलायचे ते मिळून ठरवू. पुढचे फोटो निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात काढ. निळ्या उजेडात मेणाचा थर आणि सडलेला भाग सारखाच दिसतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
बडोद्याचा मित्र