दंततपासणी शिबिराच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन. त्यानिमित्ताने सोलापुरात मोफत दंततपासणीची शिबिरे लागतील. चांगलेच आहे. फक्त फॉर्मवर ‘बीपी आहे का, शुगर आहे का’ याच्या खाली ‘रक्ताच्या आजारावर किंवा कॅन्सरवर गोळ्या चालू आहेत का’ एवढी ओळ घालावी, अशी आयोजकांना विनंती आहे.

पूर्व भागात माझे मेडिकल दुकान आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचे काही रुग्ण दर महिन्याला त्यावरची गोळी, इमॅटिनिब, न्यायला येतात. पूर्वी हा आजार काही वर्षांतच माणूस न्यायचा. आता जेवण झाल्यावर रोजची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कामाला लागायचे, असे लोक वर्षानुवर्षे काढतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस या औषध कंपनीचा या गोळीवरचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांच्या गोळ्या मिळत राहिल्या. पण केस गेलेले नाहीत, सलाईन नाही, त्यामुळे दाढ दुखली की दंतवैद्यासमोर हा माणूस धडधाकटच दिसतो. शिवाय घरात लग्नाची मुलगी असली की कॅन्सरचे नाव चारचौघांत काढायची कुणाची तयारी नसते.

मध्यंतरी अशाच एक मावशी गालाला पदर लावून आल्या. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी. विचारले, “मावशी, रक्ताची गोळी चालू आहे हे सांगितलंत का?” म्हणाल्या, “दाताच्या डॉक्टरला ते कशाला सांगू, बाळा?” मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी लगेच दोन्ही औषधे बदलून दिली. डॉक्टर बिचाऱ्यांना कुणी हे सांगितलेच नव्हते.

इमॅटिनिबचे विघटन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे होते, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन अडवतात. मग इमॅटिनिब रक्तात प्रमाणाबाहेर साठते. तोंडातल्या बुरशीसाठी देतात त्या फ्लुकोनॅझोलचेही तेच. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही, अर्थात पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचे, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींचे, काम बिघडवतात. आधीच प्लेटलेट्स कमी असलेल्याची दाढ काढली तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून दाढ काढण्याआधी ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचा रिपोर्ट, हवाच. प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली असतील तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी चिमटा हातात घेऊ नये. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर दाताखाली जंतुसंसर्ग असूनही पू किंवा सूज फारशी दिसत नाही, नुसता ताप येतो. उलट इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, ती दाताची नव्हे. दाताची सूज बहुधा एकाच बाजूला असते आणि ठणकते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मिश्री. विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मिश्रीच लावतात. हिरडीतून रक्त आले तरी ‘मिश्री झोंबली असेल’ म्हणून सोडून देतात. पण हिरड्यांतून आपोआप रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे ही प्लेटलेट्स घसरल्याची खूण असू शकते. शिबिरात हे आवर्जून विचारायला हवे.

गोळी थांबवण्याचेही सांगतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये इब्रुटिनिब देतात, त्याने रक्तस्राव वाढतो. म्हणून शस्त्रक्रिया कोणती ते पाहून आधी आणि नंतर तीन ते सात दिवस ते थांबवतात. हे ऐकून इमॅटिनिबवाल्यांनीही दाढेसाठी गोळी परस्पर बंद ठेवायची, असे नाही. कुठली गोळी किती दिवस थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे रक्ताच्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण ते बसतात मुंबईला नाहीतर पुण्याला, आणि फाईल घरी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. निदान गोळीच्या पाकिटाचा, शेवटच्या रिपोर्टचा आणि डॉक्टरांच्या फोन नंबरचा फोटो तरी मोबाइलमध्ये ठेवा. शिबिरवाल्यांनीही असा रुग्ण आला तर तपासणी जरूर करावी, दात स्वच्छ करण्याबाबत सल्ला द्यावा, पण जागच्या जागी दाढ काढू नये.

– एक औषध विक्रेता, सोलापूर