उजवी बाजू सरळ करून देणाऱ्यांचे आभार
पुढचे शॉकअप, स्प्रिंग आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बदलल्यापासून माझी गाडी उजवीकडे दोन बोटे उंच राहत होती, आणि ‘चालवा, बसेल आपोआप’ एवढेच मला सांगण्यात आले होते. कराडजवळच्या एका लहान गॅरेजातील दोघा मिस्त्रींनी मात्र चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्हीकडे टेपने मोजले, स्प्रिंगचे खालचे टोक वाटीच्या खाचेत न बसता कडेवर चढलेले मला दाखवले, ते नीट बसवले आणि बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच आवळले; चाक लोंबकळत असताना आवळलेले रबर पिळलेलेच राहते व लवकर फाटते. नावे विचारायची राहिली, याची रुखरुख आहे. त्या दोघांचे आणि अंधारात टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या शेजारच्या चहावाल्या काकांचे मनःपूर्वक आभार.