ऑपरेशनच्या आधी फादरांना बोलवा

प्रिय आई, बाबा,

सप्रेम नमस्कार.

बायपासची तारीख लागल्याचं कळलं. ॲडमिट होण्याआधी घरीच बाबांना रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, मिळू द्या. आई, तू म्हणशील, "तेल लावलं म्हणजे लोकांना काय वाटेल!" वाटू दे. मरणघडीचं तेल म्हणून पडलेलं जुनं 'अंत्याभ्यंग' हे नाव डोक्यातून जात नाही, म्हणून फादर तेलाची डबी घेऊन दारात दिसले की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. खरं तर हा संस्कार फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 सालीच सांगितलंय. गंभीर आजाराचं ऑपरेशन असेल तर आधी घ्यावा. वयाने फार थकलेल्यांना मोठा आजार नसतानाही मिळतो, तेव्हा आई, तुझ्यासाठीही विचारून ठेव. बरं होऊन पुन्हा दुखणं आलं किंवा त्याच आजारात प्रकृती ढासळली, तर परत घेता येतो.

उशीर केला की घोळ होतो. माणूस बेशुद्ध असला तरी अभ्यंग होतो, पण पापनिवेदन (फादरांजवळ पापांची कबुली) राहून जातं आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर) गिळता येत नाही. प्राण गेल्यावर तेल लावत नाहीत, फक्त प्रार्थना करतात. जीव आहे की नाही अशी शंका असेल तर मात्र लावतात.

घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येणाऱ्या सिस्टरना हे जमणार नाही. धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या डीकनलाही तो अधिकार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवायला सांगितलंय, आणि ते काम गुरुदीक्षा झालेल्या धर्मगुरूचंच. बाबा, 'ते नवीन पोरगेलेसे फादर नकोत' असं म्हणू नका. संस्कारात काम ख्रिस्ताचं असतं, फादरांचं वय किंवा स्वभाव त्यात आड येत नाही. मरणाचा धोका असेल तर याजकपद सोडलेला धर्मगुरूसुद्धा पापक्षमा देऊ शकतो, इतकी मोकळीक चर्चने ठेवली आहे.

तेलाची सोय तुम्ही करायची नाही. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या तेलांच्या मिस्सात (खास उपासनेत) बिशप तीन तेलं तयार करतात, त्यातलं एक रुग्णांचं. ते ऑलिव्हचं असतं. 1972 पासून दुसरं वनस्पती तेलही चालतं. अडीअडचणीला फादर विधीतच तेल आशीर्वादित करू शकतात. वेलंकणीच्या तीर्थाहून आणलेलं बाटलीतलं तेल भक्तीने जरूर लावा, पण तो हा संस्कार नव्हे.

फोनवर फादरांना एवढं सांगा: आजार कोणता, बाबांना कितपत ऐकू येतं, घन पदार्थ गिळता येतो का. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पेलाभर पाणी आणि थोडा कापूस ठेवा. ऑक्सिजन सिलिंडर घरात आला असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. टीव्ही बंद. पापनिवेदन आधी असतं, तेव्हा सगळ्यांनी बाहेर जायचं आणि दार लोटून घ्यायचं. बाबा, कानातलं मशीन चालू आहे ना ते आधीच बघा, नाहीतर तुमचं पापनिवेदन अख्ख्या आळीला ऐकू जाईल! त्यानंतर फादर न बोलता डोक्यावर हात ठेवतील, मग कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावतील. तळवे उघडे ठेवा आणि प्रत्येक वेळी 'आमेन' म्हणा. शेवटी ख्रिस्तप्रसाद. आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्यांना तासाभराच्या उपवासाचं बंधन नाही, त्यामुळे गोळीसाठी खाल्लेल्या बिस्किटावरून घाबरू नका. घशाला कोरड असेल तर लहानसा तुकडा मागा आणि वर घोटभर पाणी प्या. तो तोंडातून पडला किंवा उलटीत आला तर बेसिनमध्ये टाकू नका, फादरांना सांगा. तेलाचा कापूसही कचऱ्यात न टाकता जाळा.

पाकिटाची सक्ती नसते. द्यायचंच असेल तर चर्चला दान म्हणून द्या.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात 'कॅथलिक' लिहा आणि तिथलं धर्मग्राम (त्या भागाचं चर्च) कोणतं ते आधीच विचारून घ्या, कारण आयसीयूत शिरायला फादरांनाही परवानगी लागते. बाबांच्या उशाशी लहान क्रूस असू द्या. शेवटच्या घडीला धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत, तरी आयुष्यभर प्रार्थना करत आलेल्या आणि मनाची तयारी असलेल्या माणसाला चर्च त्या वेळची पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी, देतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण माहीत असलेलं बरं.

आशीर्वादासाठी मात्र प्रत्येक वेळी फादरांची वाट बघायला नको. आईबापांना आपल्या लेकरांवर क्रूसाची खूण करून आशीर्वाद देता येतो, आणि आई, रोज रात्री बाबांच्या कपाळावर तूही ती कर. संस्कार फादरांचा, हे तुझं.

फादरांची वेळ ठरली की कळवा. त्या तासात मी फोन करणार नाही. तुमचेही मोबाइल सायलेंटवर ठेवा.

तुमची लेक