अहिल्यादेवींचं नाणं बाजारात यावं

महोदय,

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये ३०० रुपयांचं नाणं प्रसिद्ध झालं. ज्या चौंडीत त्या जन्मल्या तो आमचाच जिल्हा, त्यामुळे आनंद झाला. पण हे चांदीमिश्रित नाणं व्यवहारासाठी नाही. दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे भरून टांकसाळीकडून मागवायचं आणि डबीत ठेवायचं. शेतमजूर बाईच्या हाती ते कधी येणार?

मी एसटीत वाहक होतो. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांची छबी असलेलं दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं आलं, तेव्हा माझ्या चामडी बॅगेत सुट्ट्या पैशांबरोबर महाराजही असत. कितीतरी प्रवासी ते परत द्यायला तयार नसत. शाळकरी पोरं तर "काका, महाराजांचं द्या" म्हणून अडून बसत.

खुद्द महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर चेहरा नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' एवढीच अक्षरं. अहिल्यादेवींच्या काळात महेश्वरला पाडलेल्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान आहे. फार देखणं आहे ते. नव्या नाण्यावर चेहऱ्याबरोबर हे बेलपानही घ्यावं.

संग्राहकांसाठी चांदीचं नाणं जरूर काढा. पण त्याच छबीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणंही केंद्र सरकारने चलनात आणावं आणि राज्यातल्या खासदारांनी त्यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक निवृत्त एसटी वाहक, श्रीरामपूर